संग्रहालयाच्या दुकानात करिअर होतं का? बेळगावातून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

वडगावच्या एका मुलीनं विचारलंय: एम.कॉम. झालंय, खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात चार वर्षं हिशेब आणि स्टॉक बघते. खानापूर रस्त्याच्या एका जुन्या वाड्यात एक ट्रस्ट छोटं संग्रहालय काढतोय. शेतीची अवजारं, तांब्या-पितळेची भांडी, दोन जुने हातमाग असा संग्रह आहे. तिथल्या दुकानाची जबाबदारी तिला देऊ केलीय, पगार आत्तापेक्षा थोडा कमी. घरचे म्हणतात, म्युझियममध्ये विकणार तरी काय? तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्यात: यात पुढे काही भवितव्य आहे का, सुरुवात कुठून करायची, आणि ना-नफा संस्थेनं नफा कमवायचा म्हणजे नक्की काय.

तू मला काकू म्हटलंयस, म्हणून एकेरीतच लिहिते.

भवितव्य आहे. पण हे काम विक्रीचं आहे असं धरून गेलीस तर वर्षभरात कंटाळशील. या कामाचा जीव खरेदीत आहे. गल्ल्यावर बसून बिल फाडायला कुणालाही आठवड्यात शिकवता येतं. काय घ्यायचं, कुणाकडून, किती नग, कोणत्या अटीवर, हे ठरवणारं माणूस मिळत नाही. त्या एका निर्णयात दुकानाचा नफाही ठरतो आणि संस्थेनं जे काम अंगावर घेतलंय त्याचा मानही. साडीच्या दुकानात खरेदी चुकली तर आषाढात सेल लावून माल काढता येतो. इथे हातमागाच्या दालनातून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात यंत्रमागाचा छापील रुमाल ‘पारंपरिक’ म्हणून पडला, तर आत जे दाखवलं त्यालाच आपण बाहेर खोटं पाडलं.

म्हणून रुजू होण्याआधी एक काम कर. वही घेऊन त्या वाड्यात फिर आणि प्रत्येक वस्तूसमोर उभी राहून विचार, हे बघितल्यावर माणसाला घरी काय न्यावंसं वाटेल? पाटा-वरवंटा कुणी उचलून नेणार नाही. पण तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, बघितलेल्या पोराला हातात मावेल अशी लाकडी तिफण हवी असते, वरच्या चाड्यातून मोहरीचे दाणे खरंच खाली पडतील अशी. हातमागासमोर उभ्या राहिलेल्या बाईला त्या मागाचं काहीतरी अंगावर किंवा पर्समध्ये हवं असतं. तुझ्याच वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांत हातमाग सापडला तर त्यावर हातरुमाल, टेबलावरची पट्टी, उशीचा अभ्रा विणून घेता येईल, आणि सोबतच्या चिठ्ठीवर कुठल्या मागावर, कुणी विणलं ते लिहिता येईल. या फेरीतून जी यादी निघेल ती तुझी पहिली खरेदी यादी. मुंबईच्या घाऊक बाजारातून ‘गिफ्ट आयटम’ची पेटी मागवायची नाही, ट्रस्टी कितीही घाई करोत.

आपल्या भागाचं खरं बळ इथेच आहे. सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल एवढ्या टापूत किती कारागीर आहेत बघ. खानापूरची माती आणि तिथलं कुंभारकाम. गांधीजी 1937 मध्ये गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाला आले होते त्या हुदलीची खादी. गोकाकची रंगीत लाकडी खेळणी. अथणी आणि निपाणीकडची चप्पल. थोडं लांब गेलं की गुळेदगुड्डचा खण, इळकलची साडी, धारवाडकडचं कसुतीचं भरतकाम. आंबोली उतरलं की सावंतवाडीची खेळणी आणि गंजिफाचे पत्ते. मोठ्या शहरातल्या संग्रहालयांना हा माल दलालामार्फत घ्यावा लागतो. तुला तो ज्यानं केला त्याच्या ओसरीवर बसून घेता येईल.

चपलेचं उदाहरण जरा जवळून सांगते, कारण पाहुणे तीच पहिली मागतात आणि दुकानं त्यातच पैसे अडकवून बसतात. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. त्यासाठी महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांनी मिळून अर्ज केला होता. म्हणजे अथणीची चप्पल हक्कानं कोल्हापुरी आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे चिडलो. तोच न्याय आपल्या दुकानाला लाव. तुझ्या फळीवरच्या चपलेसोबत गाव आणि करणाऱ्याचं नाव गेलंच पाहिजे, अर्थात त्याची परवानगी घेऊन.

आता ती फळीवर ठेवायची म्हणजे काय? बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावलेलं कातडं असतं ते. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या ओलाव्यात बंद कपाटात त्यावर पांढरी बुरशी धरते आणि वासानं शेजारचं खणाचं कापडही बिघडतं. त्यात मापं. पुरुषांची पाच, बायकांची पाच, त्यात कापशी, कुरुंदवाडी असे घाट वेगळे. दहा-दहा जोड घेतले तरी मधली मापं महिन्यात उडतात आणि कडेची वर्षभर तशीच पडून राहतात. भांडवल तिथेच बसतं. मी अशा छोट्या दुकानांना नेहमी सांगते, नमुन्याचे चार जोड ठेवा, पाहुण्याच्या पायाचं माप कागदावर पेन फिरवून काढून घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि जोड टपालानं घरी पाठवा. करणाऱ्याला पक्की ऑर्डर मिळते, तुझ्या कपाटाला बुरशी लागत नाही, आणि पाहुण्याचा पत्ता मिळतो. पुढच्या दिवाळीला त्याला पत्र टाकता येतं.

पैसे कसे द्यायचे यावर माझं मत ठाम आहे. ट्रस्टींना जांगड आवडते. माल ठेवून घ्यायचा, विकला की पैसे द्यायचे, नाही विकला तर परत. संस्थेचं भांडवल लागत नाही, म्हणून ती शहाणपणाची वाटते. पण खानापूरचा कुंभार किंवा अथणीचा चर्मकार तुझ्या दुकानात चाळीस नग अडकवून बसला की त्याच्याकडे पुढची माती, पुढचं कातडं घ्यायला पैसे उरत नाहीत. सगळ्यात गरीब माणसाच्या भांडवलावर आपण धर्मादाय दुकान चालवतो, असा त्याचा अर्थ होतो. छोट्या कारागिराकडून कमी नग घे, पण रोखीनं घे. ऑर्डर दिलीस तर निम्मे आधी. जांगड ठेवायचीच तर ती ज्यांना झेपते त्यांची ठेव: पुस्तकांचे प्रकाशक, मोठ्या सहकारी संस्था, खादीची भांडारं.

किंमत काढायची रीत तुला हिशेबामुळे पटकन येईल, तरी एक नमुना देते. आकडे मी समजुतीसाठी धरलेत. सहा पणत्यांचा संच कुंभाराकडून 48 रुपयांना घेतलास. पुठ्ठ्याची पेटी आणि चिठ्ठी 14, वाहतूक 5. झाले 67. पण दहातला एक संच वाटेत किंवा फळीवर फुटतो, तेव्हा खरी किंमत 74 च्या वर गेली. 130 ला विकलास तर कर सोडून हातात साधारण 55 राहतात, म्हणजे विक्रीच्या 42 टक्के. बरेच जण फूट धरतच नाहीत आणि वर्षअखेरीला नफा गेला कुठे म्हणून डोकं धरून बसतात.

हेच आता वर्षाला लाव. वर्षाला 30,000 पाहुणे येतात असं धर. त्यातले 15 टक्के काहीतरी घेतात, म्हणजे 4,500 बिलं. सरासरी बिल 180 रुपये, तर विक्री 8,10,000. त्यातले 42 टक्के म्हणजे 3,40,200. तुझा पगार महिना 18,000 धरला तर 2,16,000 गेले. उरलेल्या 1,24,200 मधून वीज, पिशव्या, कार्ड मशीनचं कमिशन, पडून राहिलेला माल. एवढ्या पाहुण्यांवर दुकान एका माणसाचा पगार काढतं आणि संस्थेच्या हातावर थोडं ठेवतं, इतकंच. ट्रस्टी जर म्हणत असतील की दुकानाच्या जिवावर संग्रहालय चालेल, तर त्यांच्यासमोर हा कागद ठेव. आणि पाहुणे 30,000 च्या ऐवजी 8,000 असतील तर पूर्ण वेळचं दुकान उघडूच नका. तिकीट खिडकीलाच एक कपाट लावा.

या हिशेबातले तीन आकडे रोज लिहून ठेवायची सवय लाव: तिकिटं किती, बिलं किती, विक्री किती. जगभर हे काम करणारे लोक याच मापांत बोलतात. अमेरिकेत तर संग्रहालयांच्या दुकानांची संघटनाच 1955 पासून आहे. आपल्याकडे मात्र आठवड्याच्या बेरजेवर समाधान मानतात, आणि मग विक्री घटली ती पाहुणे घटल्यामुळे की माल आवडेनासा झाल्यामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

पाहुणा कोण, हेही हिवाळ्यातच ठरतं. नोव्हेंबरपासून शाळांच्या सहली सुरू होतात. कित्तूरचा किल्ला, तिथलं संग्रहालय, मग बेळगावचा किल्ला आणि तिथलं कमल बस्ती हे जैन मंदिर असा त्यांचा फेरा असतो. त्यात तुमचा वाडा बसवायचा असेल तर मुख्याध्यापकांना पत्रं गणपतीनंतर लगेच जायला हवीत. सहलीची बस आली की चाळीस पोरं एकदम काउंटरवर येतात, प्रत्येकाच्या मुठीत वीस-तीस रुपये, आणि मास्तर म्हणतात दहा मिनिटांत गाडीत बसा. त्या दहा मिनिटांसाठी चार-पाच वस्तू वेगळ्या टेबलावर हव्यात: दहा, वीस, तीसच्या, गोल आकड्यांत, सुटे पैसे द्यावे लागू नयेत अशा. ठशाचं चित्र, मातीची शिट्टी, कापडाची खूणपट्टी, रंगवायचं कार्ड. नफा त्यात फार नसतो, पण ते पोर घरी जाऊन आई-बापांना घेऊन येतं. डिसेंबरात सुवर्ण विधान सौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावची हॉटेलं भरतात. ती मंडळी दोनशे ते हजारातली, बांधून देता येईल अशी भेटवस्तू शोधतात. गोव्याहून येणारे शनिवार-रविवारी येतात आणि खाण्याचं विचारतात. कुंदा ही बेळगावची मिठाई ठेवायचा मोह होईल, पण तो शहरात चांगल्या दुकानांत ताजा मिळतो. खाद्यपदार्थ विकायचा तर त्याचा परवाना, तारीख, साठवण हे सगळं मागे येतं. पहिलं वर्ष त्या भानगडीत पडू नकोस.

आता तुझा तिसरा प्रश्न. ना-नफा संस्थेला नफा वर्ज्य नाही, तो वाटून घेणं वर्ज्य आहे. शिल्लक राहिली ती संस्थेच्या कामालाच लागली पाहिजे. देणगीदार बहुधा एका ठरावीक कामासाठी पैसे देतो: हे दालन करा, ती भांडी जपा. छप्पर गळलं, रखवालदाराचा पगार थकला, तर त्यासाठी देणगी मागणं फार जड जातं. दुकानातून आलेला पैसा मोकळा असतो, म्हणून तो थोडा असला तरी मोलाचा.

आयकर कायद्यानं याला चौकट घालून दिलीय. 1961 च्या कायद्याच्या कलम 2(15) मध्ये स्मारकं आणि कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंचं जतन हा स्वतंत्र धर्मादाय हेतू म्हणून धरला होता. ‘सार्वजनिक उपयोगाचं इतर काम’ एवढंच लिहिलेल्या संस्थांना मात्र व्यापारी जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवायची अट होती. दुकान हेतूला पूरक असावं आणि त्याची वेगळी खातेवही असावी, अशीही अट होती. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा सीएला नव्या कायद्याप्रमाणे बघायला सांग. तुझ्या ट्रस्टच्या घटनेत हेतू कोणत्या शब्दांत लिहिलाय ते आधी वाच. नुसतं ‘समाजोपयोगी कार्य’ लिहिलं असेल तर दुकान उघडण्याआधी त्यावर सल्ला घ्यायलाच हवा.

इथे सीमाभागातली एक नेहमीची गफलत सांगते. आपले बरेच लोक कोल्हापूरच्या ओळखीच्या सल्लागाराला विचारतात आणि तो धर्मादाय आयुक्तांच्या परवानग्या सांगतो. ती महाराष्ट्राची पद्धत झाली. आपल्याकडे ट्रस्टचा दस्त उपनिबंधकाकडे नोंदतात, सोसायटी असेल तर ती कर्नाटकाच्या 1960 च्या सोसायटी कायद्याखाली येते. जीएसटीतही सीमा आडवी येते. संग्रहालयाच्या तिकिटावर जीएसटी नाही. फक्त वस्तू विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण ट्रस्ट हॉलही भाड्यानं देत असेल तर ती मर्यादा 20 लाखांवर येते. सावंतवाडीहून खेळणी मागवलीस की तो परराज्यातला माल झाला. सरकारी सूचीतल्या हस्तकला विकणाऱ्या छोट्या कारागिराला त्यासाठी नोंदणीतून सूट आहे, मात्र पॅन आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल, लागतं, माल कितीही थोड्या किमतीचा असला तरी. हे बिल त्याला करून देणं तुझं काम समज. घाटातल्या नाक्यावर गाडी अडली की नुकसान त्याचंच होतं.

जुन्या वस्तूंबद्दल अगदी कडक राहा. संग्रहालय निघालं की लोक घरातली तांब्याची घागर, तलवार, पोथी घेऊन येतात आणि दुकानात ठेवून विका म्हणतात. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा आणि पंचाहत्तर वर्षांवरच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना असता तरी संग्रहालयाच्या दुकानानं ते करू नये. ज्या संस्थेनं जपायचं, तिनेच विकायला काढलं तर गावात कुणी दान म्हणून वस्तू देणार नाही.

एक गोष्ट मी ठिकठिकाणी पाहिलीय आणि तिचा त्रास मलाही झालाय. ट्रस्टींचे पाहुणे येतात, आणि ‘यांना दोन-तीन वस्तू द्या’ असं सांगून माल बाहेर जातो. नोंद नाही, पैसे नाहीत. वर्षअखेरीला स्टॉक जुळत नाही आणि बोट दाखवलं जातं ते काउंटरवरच्या मुलीकडे. पहिल्याच बैठकीत ठरवून घे: भेट म्हणून गेलेली प्रत्येक वस्तू व्हाउचरवर, खरेदी किमतीनं, सहीनिशी, आणि तो खर्च ‘पाहुणचार’ खात्यात. दुकानाच्या खात्यात नाही. बँक खातंही वेगळं माग.

पुढे जायचे रस्ते मला तीन दिसतात. त्याच संस्थेत वाढत जाणं हा एक, पण छोट्या ट्रस्टमध्ये वरची पायरी लवकर संपते. दुसरा रस्ता मोठ्या शहराचा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, भाऊ दाजी लाड संग्रहालय, जोधपूरचा मेहरानगड, चेन्नईजवळचं दक्षिणचित्र, अशा ठिकाणी दुकान हे कामाचं नियमित अंग आहे. यातल्या एक-दोन ठिकाणी जमलं की जाऊन ये. वस्तू बघू नकोस, माणसं बघ. दारातून आत आलेला माणूस आधी कुठे वळतो, काय उचलतो, काय परत ठेवतो. मेहरानगडचा ट्रस्ट 1972 पासून किल्ला सांभाळतोय आणि तिकीट, दुकान यांतून स्वतःच्या पायावर कसं उभं राहता येतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

तिसरा रस्ता मला तुझ्यासाठी सगळ्यात भरवशाचा वाटतो. तीन-चार वर्षांत कारागिरांशी संबंध पक्के झाले, की कित्तूर, कोल्हापूर, बदामी, हंपी, गोवा इथल्या संग्रहालयांना आणि वारसास्थळांना माल करून पुरवणारी छोटी संस्था तू स्वतः काढू शकतेस. सहकारी म्हण, कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी म्हण. विकायला जागा असणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांच्या संग्रहाला शोभेल असं, ठरल्या दिवशी, ठरल्या दर्जाचं करून देणारं कुणी नाही, म्हणून सगळीकडे तेच किचेन आणि त्याच फ्रिज मॅग्नेटच्या फळ्या दिसतात. घरच्यांचा प्रश्न तिथूनच आलाय.

शिक्षणाचं थोडक्यात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकवतात, आणंदला ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी इर्मा आहे, हुबळीत देशपांडे फाउंडेशन सामाजिक उद्योगाचं प्रशिक्षण देतं. तुझ्या जागी असते तर मी आधी दोन वर्षं काम केलं असतं. एम.कॉम. आणि स्टॉकची सवय ही या क्षेत्रात दुर्मीळ शिदोरी आहे. इतिहास येणारे पुष्कळ भेटतात, त्यांना पडून राहिलेल्या मालाचं वय काढता येत नाही.

होकार देण्याआधी ट्रस्टींकडून लेखी घे: खरेदीचा निर्णय तुझा, एका मर्यादेपर्यंत कुणाची सही लागणार नाही. पहिल्या वर्षाचं भांडवल किती ते आधी ठरलेलं. पगार थोडा कमी आहे तर दुसऱ्या वर्षापासून शिलकीच्या प्रमाणात तो वाढेल. खरेदीचा अधिकार देत नसतील तर साडीचं दुकान सोडू नकोस.

आणि कन्नडचं तू काही लिहिलं नाहीस. आपल्या भागातली बरीच मराठी पोरं कन्नड बोलतात, पण वाचता-लिहिता येत नाही. गुळेदगुड्डला भाव कन्नडमध्ये ठरतो, म्हैसूरच्या राज्य पुरातत्त्व खात्याशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये होतो, आणि दुकानाच्या फलकावर 60 टक्के कन्नड असायला हवं हा राज्याचा नियम आहे. वस्तूंच्या चिठ्ठ्या मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत लागतील, आणि छापायला जाण्याआधी त्यातली चूक तुलाच पकडावी लागेल. रुजू व्हायला अजून वेळ असेल तर आजपासून रोज अर्धा तास त्याला दे.